चार षटकं टाकून खेळाडू दमतात कसे? क्रिकेटमधला 'वर्कलोड' नेमका काय असतो?

४ ऑगस्ट २०२५. ओव्हलवर मोहम्मद सिराजने गस ॲटकिन्सनचा त्रिफळा उडवला, भारताने सहा धावांनी कसोटी जिंकली आणि इंग्लंडमधली मालिका २-२ अशी बरोबरीत सुटली. सिराज पाचही कसोटी खेळला होता. १८५.३ षटकं, २३ बळी. जसप्रीत बुमरा मात्र या सामन्यात नव्हता. मालिकेत आपण तीनच कसोटी खेळणार हे त्याने आधीच सांगितलं होतं आणि त्याप्रमाणे तो लीड्स, लॉर्ड्स आणि मँचेस्टरला खेळला. गंमत म्हणजे भारताने जिंकलेल्या दोन्ही कसोटी, एजबॅस्टन आणि ओव्हल, त्याच्याविना जिंकल्या.

मग काय, सोशल मीडियाला विषय मिळाला. एकीकडे सिराजचं कौतुक, दुसरीकडे बुमराची खिल्ली. 'आयपीएलला बरी दुखत नाही पाठ', 'आम्ही रोज लोकलला लटकून ऑफिसला जातो, आम्हाला कोण विश्रांती देतं?' अशा कमेंट्सचा पाऊस पडला. त्यात सुनील गावसकरांनी भर घातली. 'वर्कलोड' हा शब्द भारतीय क्रिकेटच्या शब्दकोशातूनच जावा, असं ते म्हणाले. सीमेवरचा जवान थंडीची तक्रार करतो का, असा त्यांचा सवाल होता.

गावसकर बोलले म्हटल्यावर वाद तिथेच संपला, असं अनेकांना वाटलं. पण वर्कलोड ही नाजूक खेळाडूंनी शोधलेली पळवाट आहे, की त्यामागे काही मोजता येण्यासारखं आहे?

पाठीत नेमकं काय होतं?

आधी वेगवान गोलंदाजाकडे बघू, कारण वादाच्या केंद्रस्थानी तोच असतो. ताशी १४० किलोमीटर वेगाने चेंडू टाकताना गोलंदाजाचा पुढचा पाय जमिनीवर आदळतो, तेव्हा त्याच्या वजनाच्या कित्येक पट जोर त्या पायावर येतो. तोच जोर गुडघ्यातून, कमरेतून वर पाठीपर्यंत जातो. त्याच क्षणी पाठीचा कणा मागे वाकलेला, एका बाजूला झुकलेला आणि पिळलेला असतो. हे एकदा नाही, कसोटीच्या एका दिवसात शंभर-सव्वाशे वेळा होतं.

हाडावर असा ताण वारंवार आला की त्यात अतिसूक्ष्म झीज होते. शरीर ती भरून काढतं, पण त्याला वेळ लागतो. भरून काढण्यापेक्षा झीज जास्त वेगाने झाली, तर कण्याच्या खालच्या भागातल्या मणक्यांना बारीक तडा जातो. यालाच स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात. उजव्या हाताने टाकणाऱ्या गोलंदाजाला हा तडा बहुतेकदा डाव्या बाजूला जातो. विशीच्या आतबाहेरच्या मुलांना धोका जास्त, कारण त्या वयात कण्याची हाडं पूर्ण पक्व झालेली नसतात. ऑस्ट्रेलियाचा पॅट कमिन्स २०११ मध्ये १८व्या वर्षी जोहान्सबर्गला पहिली कसोटी खेळला, सामनावीर ठरला, आणि दुसरी कसोटी खेळायला त्याला मार्च २०१७ उजाडला. ती रांचीत झाली. मधली पाच-साडेपाच वर्षं प्रामुख्याने पाठीच्या दुखण्यात गेली.

बुमराची गोष्ट याच्या शेजारचीच. पाठीमुळे तो २०२२ चा ट्वेन्टी-२० विश्वचषक खेळू शकला नाही. मार्च २०२३ मध्ये त्याच्या पाठीवर न्यूझीलंडमध्ये शस्त्रक्रिया झाली आणि ऑगस्टमध्ये तो परतला. त्यानंतर २०२४-२५ चा ऑस्ट्रेलिया दौरा आला. पाच कसोटींत १५१.२ षटकं आणि ३२ बळी. मेलबर्नच्या एकट्या कसोटीत त्याने ५३.२ षटकं टाकली. ती कसोटी ३० डिसेंबरला संपली, सिडनीची ३ जानेवारीला सुरू झाली. दुसऱ्याच दिवशी बुमरा मैदान सोडून स्कॅनसाठी रुग्णालयात गेला. दुसऱ्या डावात त्याने एकही चेंडू टाकला नाही. पुढे चॅम्पियन्स ट्रॉफी हुकली, आयपीएलचे सुरुवातीचे सामनेही हुकले.

इंग्लंडमध्ये 'तीनच कसोटी' हा निर्णय या पार्श्वभूमीवर झाला होता. कसोटी कर्णधारपदासाठी आपला विचार होऊ नये, हेही बुमराने शरीराचं कारण देऊनच कळवलं होतं. ज्या पाठीवर एकदा शस्त्रक्रिया झाली आहे, ती पुन्हा त्याच जागी गेली तर कारकीर्द संपू शकते. जवानाशी तुलना ऐकायला जोरदार वाटते, पण मणक्याला देशभक्ती कळत नाही.

जास्त गोलंदाजी वाईट, पण कमी गोलंदाजीही वाईट

इथे बहुतेक चर्चा घसरते. वर्कलोड म्हणजे 'किती सामने खेळला' असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात संघाचे फिजिओ आणि ट्रेनर बघतात ते वेगळंच. एका आठवड्यात किती चेंडू टाकले आणि त्याआधीच्या चार आठवड्यांची सरासरी किती होती, यातला फरक ते बघतात. नेटमध्ये टाकलेले चेंडूसुद्धा या हिशेबात धरतात.

महिनाभर आठवड्याला २० षटकं टाकणाऱ्याने एका आठवड्यात अचानक ४५ टाकली, तर धोका वाढतो. पण आठवड्याला ३५-४० षटकांची सवय असलेल्याला तीच ४५ षटकं पचतात. म्हणजे धोका अचानक उडी मारण्यात जास्त आहे. या गुणोत्तराच्या अचूकतेवर क्रीडावैद्यकात वाद आहेत, पण 'अचानक उडी नको' यावर बऱ्यापैकी एकमत आहे. म्हणूनच दोन महिने घरी झोपून राहणं ही चांगली विश्रांती नव्हे. हाडं आणि स्नायू सवय विसरतात, आणि परतल्यावर पहिल्याच कसोटीत दगा देतात.

दुसरी गोष्ट आणखी फसवी आहे. ऑस्ट्रेलियातल्या जॉन ऑर्चर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये वेगवान गोलंदाजांच्या नोंदी तपासल्या. एका सामन्यात ५० हून जास्त षटकं टाकणाऱ्यांना पुढच्या तीन आठवड्यांत दुखापत होण्याचा धोका वाढलेला दिसला. म्हणजे शरीर बिल लगेच पाठवत नाही. गोलंदाज महिन्याभराने एखाद्या साध्या सामन्यात लंगडत बाहेर जातो आणि आपण म्हणतो, 'आज तर चारच षटकं टाकली होती!'

आता आयपीएल. साखळीतले १४ सामने आणि प्रत्येकात चारची मर्यादा, म्हणजे दोन महिन्यांत फार तर ५६ षटकं. ओव्हलच्या एका कसोटीत सिराजने ४६.३ षटकं टाकली. आयपीएल दमवत नाही असं नाही, पण गोलंदाजासाठी त्यातला मोठा धोका उलट्या बाजूने येतो. दोन महिने चार-चार षटकांची सवय लागलेलं शरीर एकदम कसोटीत जाऊन पडतं. २०२५ ची आयपीएल ३ जूनला संपली आणि लीड्सची कसोटी २० जूनला सुरू झाली. मध्ये बेकनहॅमला भारतीय खेळाडूंचा आपसातला एक सराव सामना झाला, तेवढाच. लीड्सला सिराजच्या वाट्याला ४१ षटकं आली. याआधी २०२३ मध्ये तर आयपीएल मे महिन्याच्या अखेरीस संपली आणि ७ जूनला भारत कसोटी अजिंक्यपदाचा अंतिम सामना खेळत होता. हरल्यावर रोहित शर्मा म्हणाला की अशा सामन्याच्या तयारीला २०-२५ दिवस तरी हवेत.

मग सिराजला कसं जमलं?

सिराजची तंदुरुस्ती दाद देण्यासारखी आहे, त्यात वादच नाही. पण त्याची आणि बुमराची तुलना सरळ नाही. सिराजच्या पाठीवर शस्त्रक्रिया झालेली नाही. त्याची गोलंदाजीची शैली बुमराइतकी शरीराला पीळ देणारी नाही. शिवाय २०२५ च्या चॅम्पियन्स ट्रॉफीसाठी त्याची निवडच झाली नव्हती. जानेवारीतल्या सिडनी कसोटीनंतर आयपीएलपर्यंत त्याला आंतरराष्ट्रीय क्रिकेट नव्हतं. तेव्हा ते वगळणं त्याला लागलं असणार. पण पाठीने बहुधा आभार मानले असतील.

जेम्स अँडरसनचं उदाहरण यासाठी नेहमी दिलं जातं. २०१५ च्या विश्वचषकानंतर तो एकदिवसीय सामने खेळला नाही, फक्त कसोटीवर राहिला आणि १८८ कसोटी खेळून निवृत्त झाला. मिचेल स्टार्कने २०१५ नंतर कित्येक वर्षं आयपीएल खेळणं टाळलं, तो थेट २०२४ मध्ये परतला. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याने आंतरराष्ट्रीय ट्वेन्टी-२० मधून निवृत्ती घेतली. कारण कसोटी आणि २०२७ चा विश्वचषक. दीर्घ कारकीर्द झालेल्या वेगवान गोलंदाजांनी कुठे ना कुठे काहीतरी सोडलेलं असतं.

फलंदाजांना कसला आलाय थकवा?

फलंदाजाच्या मणक्याला तडा जात नाही, पण थकवा दुसऱ्या दाराने येतो. शुभमन गिलचा २०२५ चा शरद ऋतू बघा. २८ सप्टेंबरला दुबईत आशिया चषकाचा अंतिम सामना. २ ऑक्टोबरला अहमदाबादमध्ये वेस्ट इंडीजविरुद्ध कसोटी. १० ऑक्टोबरपासून दिल्लीत दुसरी, ती १४ला संपली. १९ ऑक्टोबरला पर्थमध्ये एकदिवसीय सामना. मग ऑस्ट्रेलियाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत ८ नोव्हेंबरला ब्रिस्बेनमध्ये शेवटचा ट्वेन्टी-२०. १४ नोव्हेंबरला कोलकात्यात दक्षिण आफ्रिकेविरुद्ध कसोटी.

सात आठवड्यांच्या आत तीन देश, तीन प्रकार, लाल आणि पांढरा असे दोन चेंडू. कसोटी आणि एकदिवसीयमध्ये कर्णधारपद, ट्वेन्टी-२० मध्ये उपकर्णधारपद. दुबईचं घड्याळ आपल्या दीड तास मागे, ब्रिस्बेनचं साडेचार तास पुढे. कोलकात्यात गिलची मान आखडली, तो चार धावांवर निवृत्त झाला आणि गुवाहाटीच्या कसोटीला मुकला. या दुखापतीचा दोष वेळापत्रकावर टाकता येणार नाही, मान कुणाचीही आखडते. पण ब्रिस्बेनहून आलेल्या फलंदाजाला फिरकीच्या खेळपट्टीवर लाल चेंडूचा सराव करायला किती दिवस मिळाले, हे कॅलेंडर उघडून मोजता येतं.

विराट कोहलीने जानेवारी २०२० मध्येच यावर टोमणा मारला होता. १९ तारखेला बंगळुरूत ऑस्ट्रेलियाविरुद्ध सामना आणि २४ला ऑकलंडमध्ये न्यूझीलंडविरुद्ध. आता थेट मैदानातच उतरायची वेळ आली आहे, अशा अर्थाचं तो बोलला. घड्याळात फरक साडेसात तासांचा. २०२२ मध्ये त्याने सांगितलं की दहा वर्षांत पहिल्यांदाच आपण महिनाभर बॅटला हात लावला नाही, आणि तोपर्यंत आपण जोश असल्याचं उसनं अवसान आणत होतो. कोहलीसारख्या माणसाने हे कबूल करणं साधं नव्हतं.

त्याच वर्षी बेन स्टोक्सने वयाच्या ३१व्या वर्षी एकदिवसीय क्रिकेट सोडलं. पेट्रोल भरलं की धावायला लागणाऱ्या गाड्या आम्ही नाही, असं तो म्हणाला. त्याआधी २०२१ मध्ये मानसिक स्वास्थ्यासाठी त्याने मोठी विश्रांती घेतली होती. ग्लेन मॅक्सवेलने २०१९ मध्ये मालिका सुरू असताना तसंच केलं होतं. (स्टोक्स पुढे २०२३ च्या विश्वचषकासाठी परतला, ही गोष्ट वेगळी.)

'पूर्वीचे खेळाडू खेळतच होते की!'

हा युक्तिवाद अगदी पोकळ नाही. कपिल देव १३१ कसोटी आणि २२५ एकदिवसीय सामने खेळले आणि दुखापतीमुळे त्यांची एकही कसोटी हुकली नाही. त्या काळातले खेळाडू कौंटी खेळायचे, स्थानिक क्रिकेटही खेळायचे. म्हणजे दिवस मोजले तर ते आजच्यापेक्षा फार कमी खेळायचे, असं म्हणणं चूक ठरेल.

फरक खेळाच्या घडणीत आहे. त्यांच्या वर्षात ट्वेन्टी-२० नव्हतं, त्यामुळे शरीराला गिअर बदलावे लागायचे ते कमी. परदेश दौरा म्हणजे आधी स्थानिक संघांविरुद्ध सराव सामने. गोलंदाज हळूहळू लयीत यायचा आणि मग कसोटी. आज ते सामने जवळपास गायब झाले आहेत, कारण त्यांना प्रक्षेपणाचे पैसे मिळत नाहीत. आणि कपिल देव तेव्हाही अपवादच होते. त्यांच्या काळात पाठ गेल्यामुळे संपलेल्या गोलंदाजांची नावं आपल्याला आठवत नाहीत, एवढंच.

हे वेळापत्रक ठरवतं तरी कोण?

आयसीसी, असं उत्तर बहुतेक जण देतील. ते अर्धंच बरोबर आहे. विश्वचषक, चॅम्पियन्स ट्रॉफी यांसारख्या स्पर्धा आयसीसी ठरवते. दोन देशांमधल्या मालिका मात्र ती-ती मंडळं आपसात ठरवतात, आणि आयसीसी त्या एकत्र करून कॅलेंडर छापते. त्यात लीग मालकांचं तिसरं घर. तिघेही आपापला चौकोन भरतात. एकाच खेळाडूच्या वर्षाची बेरीज तिघांपैकी कुणाच्याच वहीत नसते.

२०२३ ते २०२७ या काळासाठी १२ पूर्ण सदस्य देशांचं जे कॅलेंडर जाहीर झालं, त्यात ७७७ सामने होते. १७३ कसोटी, २८१ एकदिवसीय, ३२३ ट्वेन्टी-२०. आधीच्या चक्रात हा आकडा ६९४ होता. आयपीएल २०२२ पासून १० संघांची आणि ७४ सामन्यांची झाली. जानेवारी २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिका आणि अमिरातीत नव्या लीग सुरू झाल्या, जुलैमध्ये अमेरिकेत.

कारण अर्थातच पैसा. आयपीएलच्या २०२३ ते २०२७ च्या प्रक्षेपण हक्कांना ४८,३९० कोटी रुपये मिळाले. भारतातल्या ८८ आंतरराष्ट्रीय सामन्यांचे हक्क ५,९६३ कोटींना गेले, म्हणजे सामन्यामागे साधारण ६८ कोटी. एक सामना कमी करा, असं म्हणणं सोपं आहे. पण ते ६८ कोटी सोडणार कोण?

इथे त्या 'आयपीएलला बरी दुखत नाही' वाल्या कमेंटला तिचं श्रेय द्यायला हवं. भारतीय खेळाडूंना विश्रांती मिळते ती बहुतेकदा द्विपक्षीय मालिकेतून. तंदुरुस्त खेळाडूला आयपीएलमधून विश्रांती दिल्याचं क्वचितच ऐकू येतं. जानेवारी २०२३ मध्ये बीसीसीआयने ठरवलं की महत्त्वाच्या खेळाडूंवर राष्ट्रीय अकादमी आयपीएल संघांसोबत मिळून लक्ष ठेवेल. लक्ष ठेवणं आणि सामना खेळू न देणं यात मात्र मोठं अंतर आहे.

श्रीमंत मंडळं विश्रांती देतात, गरीब मंडळं खेळाडू गमावतात

भारताकडे बुमराच्या जागी दुसरा गोलंदाज उभा करण्याची ऐपत आहे. न्यूझीलंडचं काय? २०२२ मध्ये ट्रेंट बोल्टने मंडळाचा वार्षिक करार सोडला, २०२४ मध्ये केन विल्यमसननेही तेच केलं. वेस्ट इंडीजचा निकोलस पूरन जून २०२५ मध्ये २९व्या वर्षी आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधून निवृत्त झाला. त्याच महिन्यात दक्षिण आफ्रिकेचा हाइनरिक क्लासेनही. दोघेही लीगमध्ये खेळतच आहेत. दमलेला माणूस कमी पैशाचं काम आधी सोडतो.

सगळ्यात बोलकं उदाहरण फेब्रुवारी २०२४ चं. दक्षिण आफ्रिकेची न्यूझीलंडमधली कसोटी मालिका आणि त्यांचीच लीग एकाच वेळी आली. मंडळाने कसोटीला दुय्यम संघ पाठवला. कर्णधार नील ब्रँड त्याआधी एकही कसोटी खेळला नव्हता. न्यूझीलंडने मालिका २-० जिंकली. दक्षिण आफ्रिकेविरुद्धचा त्यांचा तो पहिलावहिला कसोटी मालिका विजय, आणि तो असा.

रणजीतली तीन दिवसांची फट

हा प्रश्न फक्त कोट्यधीश खेळाडूंचा आहे, असंही नाही. मार्च २०२४ मध्ये मुंबईत बीकेसीच्या मैदानावर रणजीचा उपांत्य सामना झाला. पालघरच्या शार्दूल ठाकूरने तमिळनाडूविरुद्ध नवव्या क्रमांकावर येऊन १०९ धावा केल्या. त्यानंतर तो शतकापेक्षा वेळापत्रकावर जास्त बोलला. दोन सामन्यांमध्ये तीनच दिवस मिळतात, त्यात प्रवास आला. असंच दोन हंगाम चाललं तर देशभरात दुखापती वाढतील, असं त्याने सांगितलं. त्या जूनमध्ये त्याच्याच पायावर शस्त्रक्रिया झाली. पुढच्या हंगामापासून बीसीसीआयने रणजीचे दोन टप्पे केले, मध्ये पांढऱ्या चेंडूच्या स्पर्धा ठेवल्या. म्हणजे कुणी बोललं तर बदल होऊ शकतो.

मुंबईच्याच श्रेयस अय्यरने सप्टेंबर २०२५ मध्ये पाठीमुळे लाल चेंडूच्या क्रिकेटमधून सहा महिन्यांची सुट्टी मागितली आणि मंडळाने ती दिली. त्याच वर्षी जानेवारीत, ज्येष्ठ खेळाडू रणजी का खेळत नाहीत यावर ओरड सुरू असताना, रोहित शर्माने सांगितलं होतं की गेल्या सहा-सात वर्षांत क्रिकेट चालू असताना ४५ दिवस घरी बसलोय असं झालेलंच नाही.

एक विचित्र गोष्ट बक्षिसाची

मार्च २०२४ मध्ये बीसीसीआयने कसोटीसाठी प्रोत्साहन योजना आणली. हंगामातल्या ७५ टक्क्यांहून जास्त कसोटी खेळणाऱ्याला १५ लाखांच्या सामना मानधनावर प्रत्येक कसोटीमागे आणखी ४५ लाख. ५० ते ७५ टक्के खेळलात तर ३० लाख. ५० च्या खाली काहीच नाही. हेतू चांगला होता, तरुणांनी कसोटीकडे पाठ फिरवू नये हा. पण वेगवान गोलंदाजाच्या बाजूने बघा. एक कसोटी बाहेर बसलं की त्या सामन्याचे पैसे तर जातातच, टप्पा घसरला तर खेळलेल्या सामन्यांचीही रक्कम कमी होते. दुखतंय हे सांगायला आता आणखी एक कारण आड येतं.

खेळाडू एकत्र येऊन बोलत का नाहीत?

इंग्लंड आणि ऑस्ट्रेलियात व्यावसायिक क्रिकेटपटूंच्या संघटना आहेत, त्या मंडळाशी करारावर वाटाघाटी करतात. भारतात २०१९ मध्ये भारतीय क्रिकेटपटू संघटना स्थापन झाली, पण ती निवृत्त खेळाडूंची आहे. आज खेळणाऱ्यांसाठी अशी संघटना नाही. म्हणून इथे थकव्याबद्दल बोलायचं, तर पत्रकार परिषदेतल्या एखाद्या वाक्यात एकट्याने बोलायचं, आणि मग ट्रोल व्हायचं.

जगभरातल्या खेळाडू संघटनांच्या महासंघाने मार्च २०२५ मध्ये एक प्रस्ताव मांडला. वर्षात २१ दिवसांचे चार कप्पे फक्त आंतरराष्ट्रीय क्रिकेटसाठी राखून ठेवा, म्हणजे ८४ दिवस. उरलेल्या काळात लीग खेळू द्या. फुटबॉलमध्ये देशाच्या सामन्यांसाठी अशा ठरावीक तारखा असतात. क्रिकेटमध्ये अडचण कसोटीची आहे. पाच कसोटींची मालिका २१ दिवसांत बसवायला गेलं तर सिराजला आठवड्याला साठहून जास्त षटकं टाकावी लागतील.

दरम्यान, कॅलेंडरमध्ये नवीन भर पडतेच आहे. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये सहा संघांचं ट्वेन्टी-२० क्रिकेट असेल, जुलै महिन्यात. इंग्लंडमधला कसोटीचा हंगाम आणि अमेरिकेतली लीगही जुलैतच असते.